पाणी कधी आहे?

चेंबूर स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की उरणला जायच्या दोन वाटा खाली दिसतात, आणि त्या एकमेकींच्या बरोबर उलट दिशेला जातात. एका जिन्याने उतरलं तर सीएसएमटीची गाडी: डॉकयार्ड रोडला उतरायचं, टॅक्सी करून भाऊचा धक्का गाठायचा आणि तिथून मोरा बंदराची लाँच. दुसऱ्या जिन्याने उतरलं तर पनवेल गाडी: नेरुळला बदलायची आणि थेट उरण. माहेर एक, रस्ते दोन, आणि ठरवायला फक्त एक पूल. माहेर आईचं. माझं आजोळ. शनिवार-रविवारची दोन दिवसांची सुट्टी, त्यातला किती वेळ वाटेत घालवायचा एवढाच खरं तर प्रश्न.

हिशेब केला तर वादच नाही. रेल्वेने सव्वा तास, एका वडापावच्या आसपासच्या तिकिटात. लाँचने सगळं धरून दोन तास, वर टॅक्सीचे पैसे, वर धक्क्यावरची चिखल-बर्फ-मासळीची रस्साकशी. माझ्या लेकीने फोनवर दोन्ही बघून निकाल देऊन टाकला होता, "आजी, ट्रेन." आजीने तिचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पाणी कधी आहे?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्या घरात उरणला जायचं म्हटलं की आधी घड्याळाकडे नाही, भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं जायचं. तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण कोळीवाड्यापासून आमच्यासारख्या वाण्या-कारकुनांच्या घरापर्यंत सगळ्यांचं या एका पाढ्यावर भागायचं. लाँचच्या फलकावर सुटायच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्या माणसांसाठी. लाँच सुटते ती पाण्याच्या परवानगीने. मोरा बंदरात गाळ इतका साचतो की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीला धक्क्याला पाणीच उरत नाही आणि फेऱ्या दोन-दोन, तीन-तीन तास बंद ठेवाव्या लागतात. अष्टमीच्या बाजूला, भांगाच्या दिवसांत, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, तेव्हा निवांत.

रेल्वेला तिथी लागत नाही. हे तिचं मोठेपण आहे, आणि मी ते नाकारत नाही.

आम्ही पहिल्यांदा रेल्वेने गेलो ते फेब्रुवारी 2024 मध्ये. नेरुळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंतची गाडी 2018 च्या नोव्हेंबरमध्येच सुरू झाली होती; तिथून उरणपर्यंतचा टप्पा 12 जानेवारी 2024 ला उघडला, अटल सेतूच्याच दिवशी. उरणला रेल्वे येणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत होते. ती खरंच आली तेव्हा मामी फोनवर म्हणाली, "आता काय, चेंबूर म्हणजे शेजारचं घर!" स्टेशनं दणकट आणि रिकामी. पाय पसरून बसायला मिळालं, हे हार्बर लाइनवर पस्तीस वर्षं लोंबकळलेल्या माणसाला किती परकं वाटतं ते सांगून कळायचं नाही. आई खिडकीशी बसली होती. खारकोपर गेलं, न्हावा-शेवा गेलं, द्रोणागिरी गेलं. बाहेर कंटेनरच्या चळती, अर्धवट इमारती, मधेच कांदळवन, मधेच पाण्याचं एखादं डबकं आणि त्यात बगळे.

उरणला उतरलो. बाहेर आलो. आई थांबली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग रिक्षावाल्याला तिने विचारलं, "बाबा, उरण कुठल्या बाजूला?"

तो हसला. हसण्यासारखंच होतं. पण पंचाहत्तर वर्षांपूर्वी याच गावात जन्मलेली बाई गावात उभी राहून गाव कुठे आहे ते विचारत होती, आणि त्यात तिची स्मरणशक्ती कुठेही चुकलेली नव्हती. तिने या बाजूने गावात कधी पाऊलच टाकलं नव्हतं. तिच्या उरणाचं दार मोरा बंदरात होतं. धक्का, मग कोळीवाडा, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, तिथून चढउताराचा रस्ता, मग बाजार, विमला तलाव, घर. घराला मागून शिरल्यावर आपल्याच न्हाणीघराचा खडा लागतो, तसं तिचं झालं होतं. त्या दोन दिवसांत ती दोनदा म्हणाली, "गाव बदललंय गं." मी म्हटलं, "दर वर्षीच बदलतंय." ती म्हणाली, "तसं नाही. तोंड फिरवलंय."

ते मला तेव्हा नीट कळलं नाही. नकाशा काढून बसले तेव्हा कळलं.

नकाशात उरण मुंबईच्या समोर आहे. अगदी समोर, मधे फक्त बंदराचं पाणी. जमिनीने जायचं तर पूर्वी ठाण्याहून पनवेलला वळसा घालावा लागे. वाशीचा पहिला पूल 1973 चा. आईचं लग्न त्याच्या दोन वर्षं आधीचं. म्हणजे ती सासरी आली ती लाँचने, पत्र्याची ट्रंक आणि तांदळाचं एक पोतं घेऊन, भाऊच्या धक्क्यावर उतरून. उरणच्या माणसाचा दवाखाना, कोर्टकचेरी, गिरणीतली नोकरी, भाजी-मासळीचं गिऱ्हाईक, सगळं पाण्यापलीकडे मुंबईत. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. तिकडे जायचं तरी करंजाहून रेवसला तरीत बसायचं. गावाचं तोंड पाण्याकडे होतं, पाठ जमिनीकडे. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, मागोमाग ट्रेलरचे रस्ते आले, आणि आता रेल्वे आली. गावाने हळूहळू कूस बदलली. आता तोंड नवी मुंबईकडे आहे आणि मोरा परसदारी गेलं आहे.

तेव्हा लाँच की रेल्वे हा प्रश्न मला वाटला तेवढा वेळेचा आणि पैशाचा नव्हता. कुठल्या गावात पोचायचंय, असा तो होता. लाँचने गेलं तर एक उरण लागतं, रेल्वेने गेलं तर दुसरं. नाव एक आणि मामी तीच, एवढंच.

हे सगळं डोक्यात घेऊन 2025 च्या जानेवारीत आईने परत "पाणी कधी आहे?" विचारलं तेव्हा मी गुपचूप कालनिर्णय काढलं. शनिवार 11 तारीख, द्वादशी सकाळीच संपून त्रयोदशी लागत होती. बारा पाऊणे नऊ, तेरा पाऊणे पावणेदहा. म्हणजे नऊ-दहाच्या सुमाराला मोरा बंदरात भरपूर पाणी. यापेक्षा सोयीचा शनिवार मिळणार नव्हता.

तरी मी कचरत होते, आणि कारण उघड होतं. तीनच आठवड्यांपूर्वी, 18 डिसेंबरला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली होती आणि 15 जीव गेले होते. त्यांतलं चित्रीकरण सगळ्यांच्या फोनवर फिरलं होतं. नवरा म्हणाला, "पाण्यातून न्यायचं कारण काय? गाडी आहे ना सरळ?" खरं सांगायचं तर माझ्याकडे त्याला पटेल असं कारण नव्हतं.

आईला मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते की," ती म्हणाली. "आमच्याकडे ती कायमचीच आहे."

ती रामदास बोटीबद्दल बोलत होती. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. दिव्याची अवस होती, सणाला घरी निघालेली माणसं होती. आईचा जन्म त्यानंतरचा. पण तिच्या आईने पुढे आयुष्यभर अवसेला लाँचमध्ये पाय ठेवला नाही. अवसेच्या आदल्या दिवशी जायची, नाहीतर प्रतिपदेला. लाँच सोडली नाही मात्र. सोडून जाणार कशी? दुसरा रस्ताच नव्हता. मला वाटतं, भीतीसकट प्रवास करायची सवय त्या किनाऱ्याला अशीच लागली असणार: एक दिवस वगळायचा, नारळ सोडायचा, आणि बसायचं.

आम्हाला मात्र दुसरा रस्ता होता. म्हणजे आम्ही हौसेने चाललो होतो, आणि हौसेच्या माणसाला भीती जास्त टोचते.

भाऊच्या धक्क्याला सकाळी जाऊ नये असं सांगणारे बरोबर सांगतात. मासळीचा बाजार उठायच्या बेतात असतो, खालची जमीन ओली, हातगाड्या "बाजू, बाजू" करत अंगावर येतात, बर्फाच्या लाद्या फोडल्याचे तुकडे पायाखाली. हा धक्का ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, एकोणिसाव्या शतकातले. बोटीने येणाऱ्या माणसांचे उतरताना हाल होतात म्हणून त्यांनी धक्का बांधला, असं सांगतात. त्यानंतर गोदी वाढली, धक्क्याची जागा सरकली, भाऊंचं नाव तेवढं टिकलं. सरकारी कागदावर फेरी व्हार्फ लिहितात. टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.

बायकांनी एक गोष्ट आधी लक्षात ठेवावी, जी कुठल्याच सहलीच्या लेखात नसते: स्वच्छतागृह. लाँचवर नसतं. धक्क्यावर असून नसल्यासारखं असतं. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन निघताना माझ्या रेल्वेच्या बाजूच्या खात्यात ही नोंद सगळ्यात वजनदार होती. तिने ती एका वाक्यात खोडली, "मी चहा घेतलेलाच नाही." म्हणजे हिचं आदल्या रात्रीपासूनच ठरलेलं होतं.

भरती असल्यामुळे लाँच धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने तरंगत होती. पाणी उतरलेलं असलं की शेवाळलेल्या दहा-बारा पायऱ्या उतरून जावं लागतं. त्या पायऱ्या बघून मी आईला परत फिरवलं असतं. तिची पाऊणकी इथे वसूल झाली. खलाशाने हात पुढे केला, मनगट न धरता कोपराच्या वर दंड धरला, आणि लाँच वर आली त्याच क्षणी तिला आत घेतलं. रेल्वेच्या लिफ्टला हे जमत नाही, असं मी म्हणणार नाही. लिफ्ट बरीच. पण लिफ्टने आईला "आजी, माहेरी काय?" असं विचारलं नसतं.

सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घालायला लावली होती. आईने ते पदरावरून चढवलं आणि वरून शाल पांघरली, त्यामुळे ती एखाद्या लहानशा गणपतीसारखी दिसायला लागली. शेजारच्या बाईने टोपली पायाशी सरकवत जॅकेट नुसतंच मांडीवर ठेवलं होतं. खलाशी ओरडला तेव्हा तिने एक हात घातला, दुसरा नाही. तेवढ्यावर तडजोड झाली.

लाँच सुटली आणि मुंबई मागे सरकायला लागली. हे वाक्य लिहिताना मला थोडी लाज वाटते, कारण सुटणाऱ्या प्रत्येक वाहनातून गाव मागेच सरकतं. पण लोकलमधून मुंबई मागे जात नाही; ती बरोबर येते. मानखुर्द, वाशी, नेरुळ, सगळी तीच वस्ती, तीच घोषणा, तोच खांद्यावरच्या पिशवीला पोटाशी धरून बसण्याचा माझा रिवाज. लोकलमध्ये माझं शरीर कामावर असतं. लाँचमध्ये त्याला काही करायला नसतं. माझगावच्या गोदीतली करडी जहाजं गेली, मग नांगरून पडलेली मोठाली मालवाहू जहाजं, त्यांच्या बुडाशी आमची लाँच म्हणजे दगडाजवळून जाणारी मुंगी. डावीकडे बुचर बेटावरच्या तेलाच्या टाक्या, त्यामागे घारापुरी. कुरव लाँचच्या मागे लागले होते आणि एक मुलगा त्यांना गाठ्या फेकत होता.

घारापुरी बघून आईने नेहमीचं वाक्य टाकलं, "आमच्या तालुक्यातली." हा तिचा जुना अभिमान. सगळं जग ज्याला मुंबईची लेणी समजतं ती उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात आहेत. आणि मुंबईच्या दिव्यांसमोर बसलेल्या त्या बेटाला समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली ती 2018 साली. तोवर रात्री जनरेटरवर चाले. समोरासमोर असणं आणि जवळ असणं यांत केवढं पाणी असतं ते तिथल्या माणसांना विचारावं.

मोरा बंदरात उतरल्यावर आईने कोणाला काही विचारलं नाही. पिशवी माझ्याकडे देऊन ती पुढे चालायला लागली. दहा पावलांवर एका म्हातारीने सुकटीच्या ढिगामागून मान वर केली, दोघींनी एकमेकींकडे डोळे बारीक करून बघितलं, आणि मग ज्या गप्पा सुरू झाल्या त्यात अर्धा तास गेला. रिक्षावाला कंटाळून दुसरं गिऱ्हाईक घेऊन गेला. पाव किलो जवळा आणि एक वाटा सोडे घेतले, भाव न करता, हे आईच्या बाबतीत अघटितच. माझा सव्वा तास विरुद्ध दोन तासांचा हिशेब तिथे तीन तासांवर गेला. मी घड्याळ बघणं सोडून दिलं.

त्या दोन दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मामीच्या हातची तांदळाची भाकरी, ओला बोंबील, संध्याकाळी पिरवाडीचा किनारा आणि तिथली शनिवारची गर्दी, जी मला आवडली नाही. मामेभाऊ लाँचवाल्यांबद्दल सांगत होता: रोज कामाला जाणारी माणसं गाडीकडे वळली, लाँचवर आता म्हातारी माणसं, टोपलीवाल्या आणि "तुझ्यासारख्या हौशी." तो स्वतः बेलापूरला गाडीने जातो. त्याला दोष कोण देणार? पावसाळ्यात तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंद, आणि कचेरीत 'बावटा लागला' हे कारण चालत नाही.

रविवारी परत निघायचं ठरलं चारला. चौदा पाऊणे साडेदहा. भरती सकाळीच येऊन गेली होती. आईला ते माहीत होतं, तरी ती म्हणाली, "जाताना मोऱ्यावरून जाऊ." मामेभावाने काही न बोलता गाडी तिकडे वळवली.

पाणी नव्हतं. काल जिथे लाँच तरंगत होती तिथे काळा, चमकणारा चिखल पसरला होता आणि त्यात निवट्या, चिखलातली ती छोटी मासळी, टणाटण उड्या मारत होत्या. दोन होड्या कुशीवर पडल्या होत्या. एक खलाशी धक्क्यावर पाय सोडून मोबाइल बघत बसला होता. आईने विचारलं, "आता कधी?" त्याने समुद्राकडे न बघताच सांगितलं, "पानी येव दे, मंग."

तेव्हा रेल्वे. योगायोग असा की ती 12 जानेवारी होती. गाडीला त्याच दिवशी वर्ष पूर्ण होत होतं. या वेळी आईने रिक्षावाल्याला काही विचारायची गरज पडली नाही. खिडकीशी बसली. उन्हं कलली होती. खारकोपरच्या आधी एका ठिकाणी पाण्याच्या लांबट चौकोनांवर उजेड पडला होता, त्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "बाय, ही खार."

मला वाटलं ती स्टेशनचं नाव वाचतेय. तसं नव्हतं. खार म्हणजे खाडीला बांध घालून काढलेली शेती. शेमटीखार, खारकोपर, या सगळ्या नावांतली खार तीच. बांधाला उघाडी असायची, म्हणजे लाकडी फळीचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीच्या आत फळी पाडायची. चुकलं तर खारं पाणी शिरून वर्षाचं पीक गेलं. "तुझे आजोबा रात्री दोनला कंदील घेऊन उठायचे उघाडी बघायला. तिथीच बघून. भात व्हायचा राता. लाल. पेजेला असा गोड..." मग ती थांबली. ही जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली तेव्हाची गोष्ट ती सहसा सांगत नाही. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांबरोबर रस्त्यावर उतरलेल्यांत तिचा थोरला भाऊ होता. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. तो घरी परत आला, आणि पुढे पुष्कळ वर्षं जगला.

म्हणजे आम्ही बसलो होतो ती गाडीही भरती-ओहोटीच्याच जागेवरून चालली होती. फक्त आता कोणाला उघाडी बघायला उठायचं नव्हतं. मी इतका वेळ दोन खाती मांडत होते, एक पाण्याचं, एक रुळाचं. आणि आई खिडकीतून दोन्हींत एकच पान वाचत होती.

नेरुळला गाडी बदलली. पनवेलहून आलेली लोकल भरलेली होती. एका मुलीने उठून आईला जागा दिली. सानपाडा गेलं, वाशी गेलं, खाडीच्या पुलावर आलो. खाली पाणी अगदी तळाला गेलेलं. आई डोळे मिटून बसली होती, मला वाटलं लागली झोप. पण तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता.

"माघी गणपतीला शनिवारच येतोय ना?" तिने डोळे न उघडता विचारलं.

मी फोनमध्ये बघितलं. 1 फेब्रुवारी, शनिवार.

"चौथ. चार पाऊणे तीन," ती म्हणाली. "सकाळी नऊला चिखल असेल. जेवून निघू."